चौकटीसाठी चेहरा ओढू नये

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपल्या पुरवणीत डिजिटल स्क्रॅपबुक घरच्या घरी कसे तयार करावे, याविषयीचा लेख मी आवडीने वाचला. पानाची पार्श्वभूमी कशी निवडावी, एका पानावर किती फोटो घ्यावेत, मजकुराला जागा कशी राखावी, हे सारे त्यात नेटकेपणाने आले आहे आणि त्याविषयी माझी काहीही तक्रार नाही. मात्र एका वाक्यावर मी अडले. फोटो चौकटीत नीट बसत नसेल, तर त्याची कड धरून चौकट भरेपर्यंत तो ओढून घ्यावा, अशा आशयाचा सल्ला लेखात दिला आहे. नवख्या माणसाने तो तंतोतंत पाळला, तर चौकट भरेल खरी, पण फोटोतील माणसे बिघडतील. मी स्वतः असे एक आख्खे पुस्तक बिघडवून बसले आहे, म्हणून हे थोडे लांबलेले पत्र.

गेल्या वर्षी वडिलांच्या जुन्या फोटोंचे एक स्क्रॅपबुक मी संगणकावर जुळवले. पाने १२×१२ इंचांची, म्हणजे चौरस. तयार टेम्प्लेटमधील, म्हणजे आधीच आखून ठेवलेल्या पानाच्या नमुन्यातील, चौकटीही बहुतेक चौरसच होत्या. हाताशी असलेले फोटो मात्र फिल्मच्या कॅमेऱ्यातले, आडवे आणि लांबट. प्रत्येक फोटोची उजवी कड धरून मी ती आत ढकलली आणि चौकट भरली की पुढच्या फोटोकडे वळले. आठ-दहा दिवस तीच ती पाने पाहत राहिल्यामुळे डोळ्याला त्यात वावगे काही दिसेनासे झाले होते. पुस्तक छापून आले, ते मी आत्याला दाखवायला नेले. तिने दोन पाने उलटली, चष्मा पुसला आणि म्हणाली, ‘अगं, हा दादा नव्हे. दादाचं तोंड इतकं उभट कधी होतं?’ मी म्हणाले, ‘आत्या, फोटो जुना आहे ना, म्हणून तसं वाटत असेल तुला.’ तिने उत्तर दिले नाही. नुसते बाबांच्या मनगटावर बोट ठेवले. ते घड्याळ लहानपणी कानाला लावून मी त्याची टिकटिक ऐकत असे, त्यामुळे त्याची गोल तबकडी मला पक्की आठवते. पुस्तकात ती अंड्यासारखी उभी लंबगोल झाली होती.

चूक कुठे झाली, हे समजायला साधा त्रैराशिकाचा हिशोब पुरतो. फोटोच्या रुंदीचे उंचीशी असलेले प्रमाण फोटो टिपतानाच ठरून गेलेले असते. ३५ मिमी फिल्मवरील एका फोटोची जागा ३६×२४ मिमी असते, म्हणजे प्रमाण ३:२. चित्रपटाची फिल्म छोट्या कॅमेऱ्यात आडवी चालवून सिनेमाच्या दोन चौकटींची जागा एका फोटोला दिली, त्यातून हे माप जन्माला आले. १९२५ साली बाजारात आलेल्या लायका कॅमेऱ्याने ते रूढ केले आणि आजचे बहुतेक डीएसएलआर कॅमेरेही तेच पाळतात. मोबाइलचा कॅमेरा बहुधा ४:३ या प्रमाणात फोटो देतो. व्हिडिओतून उचललेले चित्र बहुधा १६:९ असते. जुन्या पिढीतील, ‘१२०’ नावाच्या रुंद फिल्मवर काढलेले ६×६ सेंमीचे फोटो चौरस असतात. एका घराच्या संग्रहात ही सारी प्रमाणे सुखाने एकत्र नांदत असतात. टेम्प्लेट आखणाऱ्याला मात्र आपल्याकडे कोणते फोटो आहेत हे ठाऊक असण्याचे कारण नाही. तो त्याला सुंदर वाटतील तशा चौकटी आखून मोकळा होतो.

आता ३:२ प्रमाणाचा आडवा फोटो उंची तशीच ठेवून चौरसात कोंबला, की त्यातील प्रत्येक वस्तूची रुंदी एक तृतीयांशाने घटते आणि उंचीला धक्काही लागत नाही. ४:३ चा फोटो असेल, तर रुंदी एक चतुर्थांशाने घटते. उलट ४:३ चा फोटो ३:२ च्या चौकटीत आडवा ताणला, तर सगळे साडेबारा टक्क्यांनी रुंद होतात. माझ्या मते ही शेवटची चूक सर्वांत फसवी आहे, कारण इतका फरक चटकन डोळ्यांत भरत नाही. माणूस जरा सुटल्यासारखा वाटतो आणि दोष फोटोऐवजी त्याच्या प्रकृतीला दिला जातो. रुंद पडद्याचे टीव्ही नवे होते तेव्हा जुने ४:३ चे कार्यक्रम पडदाभर ताणून पाहण्याची अनेकांना सवय लागली होती आणि सगळे निवेदक वजन वाढल्यासारखे दिसत. आपण ते निमूटपणे पाहत होतो, यावरून डोळा किती लवकर सरावतो, याची कल्पना यावी.

म्हणून डोळ्यावर विसंबून न राहता फोटोत एखादी गोल वस्तू शोधावी. समोरून दिसणारे घड्याळ, शर्टाचे बटण, चेहरा पुरेसा मोठा असेल तर डोळ्यातील बुबुळ, असे काही ना काही सापडतेच. येथे एक खबरदारी हवी. तिरकस कोनातून टिपलेले सायकलचे चाक किंवा टेबलावरची बशी मूळ फोटोतच लंबगोल असते, त्यामुळे तिच्यावरून निष्कर्ष काढू नये. चेंडू मात्र कोणत्याही बाजूने पाहिला तरी जवळपास गोलच दिसतो. आणखी एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे: मोबाइलच्या रुंद कोनाच्या लेन्सने काढलेल्या गटाच्या फोटोत अगदी कडेला उभ्या असलेल्या माणसांचे चेहरे बाहेरच्या बाजूला ओढलेले दिसतात. तो लेन्सच्या रुंद कोनाचा परिणाम असतो. फोटोचा आकार बदलताना तो झालेला नसतो आणि आकार बदलून तो जातही नाही.

फोटो लहान किंवा मोठा करताना रुंदी आणि उंची एकाच पटीने बदलली पाहिजे, एवढाच या साऱ्यातील नियम. तो पाळण्याची सोय प्रत्येक प्रोग्राममध्ये आहे, फक्त प्रत्येकाची तऱ्हा निराळी. सर्वसाधारणपणे फोटोच्या कोपऱ्यातील खूण धरून ओढावे आणि कडेच्या मधोमध असलेली खूण टाळावी. पण ‘कॅनव्हा’सारख्या ऑनलाइन डिझाइनच्या साधनात कडेची खूण ओढली तर फोटो ताणला जात नाही, तो कापला जातो. हीच सवय घेऊन कोणी पॉवरपॉइंटमध्ये पान जुळवायला बसला, तर तेथे तीच खूण फोटो चपटा करते. गिम्प या फोटो सुधारण्याच्या मोफत प्रोग्राममध्ये रुंदी आणि उंचीच्या आकड्यांशेजारी साखळीचे चिन्ह असते; साखळी जोडलेली असेपर्यंत एक आकडा बदलला की दुसरा आपोआप त्याच प्रमाणात बदलतो. सर्वांत मोठा घोळ फोटोशॉपने केला. तेथे वर्षानुवर्षे शिफ्टची कळ दाबून कोपरा ओढला की प्रमाण कायम राहत असे. २०१८ च्या ऑक्टोबरमध्ये आलेल्या आवृत्तीपासून फोटोच्या लेअरसाठी (म्हणजे फोटो ज्या थरावर असतो त्यासाठी) हे नेमके उलटे झाले: आता कळ न दाबता ओढले की प्रमाण राहते आणि शिफ्ट दाबली की बिघडते. ज्यांची बोटे जुन्या सवयीने शिफ्टवर जातात, त्यांचे फोटो त्यांच्याही नकळत वाकडे होतात. जुनी पद्धत परत आणण्याची सोय प्रेफरन्सेसमध्ये ठेवलेली आहे. पण एकाच घरात दोघे जण एकच संगणक वापरत असतील, तर कोणती पद्धत चालू आहे हे आधी पाहून घेतलेले बरे.

प्रमाण राखले की फोटो आणि चौकट यांचा मेळ बसत नाही, आणि खरा प्रश्न तेथून सुरू होतो. चौकट पूर्ण भरायची असेल, तर फोटोचा काही भाग बाहेर जाऊ द्यावाच लागतो. मोबाइलच्या १२ मेगापिक्सेल कॅमेऱ्याचा फोटो सामान्यतः ४०३२×३०२४ पिक्सेलचा असतो. १२×१२ इंचांचे पान ३०० डीपीआयने, म्हणजे इंचाला ३०० ठिपके या हिशोबाने छापायचे, तर ते ३६००×३६०० पिक्सेलचे धरावे लागते. उंची ३०२४ वरून ३६०० वर नेली, की त्याच पटीने रुंदी ४८०० होते, म्हणजे १२०० पिक्सेल पानाबाहेर जातात. ते दोन्ही बाजूंनी सारखेच जावेत असे मुळीच नाही, आणि येथेच जुळवणाऱ्याचे कसब लागते. फोटो क्लिपिंग मास्कने, म्हणजे चौकटीबाहेरचा भाग झाकणाऱ्या सोयीने, चौकटीत अडकवला, तर तो भाग पुसला जात नाही, आणि फोटो चौकटीच्या आत हवा तसा सरकवून पाहता येतो. ज्या बाजूला माणूस पाहत आहे, तिकडे थोडी मोकळी जागा राहू द्यावी. मनगट, गुडघा, घोटा अशा सांध्यांवर कड येऊ देऊ नये. मांडीच्या किंवा दंडाच्या मध्यावर आलेली कड डोळ्याला खुपत नाही. उंचीतून कापावे लागले, तर डोक्यावरच्या आभाळाचा विचार आधी करावा. ४:३ चा आडवा फोटो ३:२ च्या चौकटीत बसवताना उंचीचा केवळ नववा हिस्सा जातो. तो सारा पायांखालच्या जमिनीतून गेला, तर कोणाच्या लक्षातही येत नाही.

ज्या फोटोत एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत माणसेच माणसे आहेत, तेथे मात्र कात्री चालवता येत नाही. तेरा जणांच्या रांगेतून कडेचे दोघे कापणे म्हणजे नात्यात कायमची कुरबुर ओढवून घेणे. अशा वेळी चौकट बदलावी. टेम्प्लेट हे आपल्या सोयीसाठी असते, त्यातील चौकट फोटोच्या प्रमाणात लांबवली किंवा आखूड केली तर कोणी दंड करत नाही. ते जमत नसेल, तर संपूर्ण फोटो चौकटीत मावेल इतका लहान करावा आणि वर-खाली उरलेल्या जागेत फोटोतलाच एखादा फिकट रंग भरावा. छापील अल्बममध्ये फोटोमागे जाड कागद लावून भोवती पट्टी सोडतात, तसे ते दिसते. त्याच फोटोची धूसर, मोठी प्रत मागे पसरण्याची रीत अलीकडे फार दिसते. एखाद्या पानावर ती खपून जाते, पण प्रत्येक पानावर तेच केले की सारे पुस्तक वाफ साचलेल्या काचेतून पाहिल्यासारखे वाटू लागते.

माणसे न बिघडवता फोटो अरुंद करण्याची एक युक्ती आहे, तिचाही उल्लेख करायला हवा. २००७ साली शाई अविदान आणि एरियल शमीर या दोन संशोधकांनी ती मांडली आणि पुढच्याच वर्षी फोटोशॉपमध्ये ‘कंटेंट-अवेअर स्केल’ या नावाने तशी सोय आली. फोटोत जेथे फारसे तपशील नाहीत, अशा पिक्सेलची वरपासून खालपर्यंत जाणारी नागमोडी वाट शोधून ती काढून टाकायची, मग दुसरी शोधायची, असे त्यात केले जाते; आभाळ, वाळू, पाणी आकसते आणि माणसे आहेत तशी राहतात. समुद्रकिनाऱ्यावर एकमेकांपासून दूर उभ्या असलेल्या दोघांना जवळ आणायला ती फार उपयोगी पडते. मागे खिडक्यांची इमारत किंवा जाळीचे कुंपण असेल, तर मात्र सरळ रेषा मोडतात आणि गर्दीच्या फोटोत हात-पाय विचित्र होतात. याउलट कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्याने फोटोच्या कडेला नवी पार्श्वभूमी वाढवून देणारी साधनेही आता सहज मिळतात. काम सफाईने होते, यात शंका नाही. तरीही आठवणींच्या पुस्तकात, जेथे कधी नव्हतीच अशी भिंत किंवा असे झाड आणून उभे करायला माझे मन धजत नाही. हा माझा वैयक्तिक हट्ट आहे, असे समजावे.

आकार राखला तरी फोटो फुटू शकतो, याविषयी थोडे. फाइलवर ७२ डीपीआय लिहिले आहे की ३००, याला तसा अर्थ नाही. एकूण पिक्सेल किती आणि ते किती इंचांवर पसरणार, एवढेच पाहावे. वरच्याच उदाहरणात ३०२४ पिक्सेल १२ इंचांवर पसरले, तर इंचाला २५२ पडतात आणि छपाई उत्तम येते. पण संदेशांच्या अ‍ॅपवरून आलेला, वाटेत आकसलेला ९०० पिक्सेल रुंदीचा फोटो पानभर ताणला, तर इंचाला ७५ च उरतात आणि चेहऱ्यावर धूसर पाणी पसरते. तो तीन-चार इंचांच्या चौकटीतच शोभतो. कागदावरचे छोटे फोटो स्कॅन करताना म्हणूनच सुरुवातीला सढळ असावे: २×३ इंचांचा फोटो ६०० डीपीआयने स्कॅन केला, की १२००×१८०० पिक्सेल मिळतात आणि तो दुप्पट मोठा, ४×६ इंचांचा, निर्धास्त छापता येतो.

दुसरे पथ्य म्हणजे एकच फोटो लहान, मग मोठा, मग पुन्हा लहान असा खेळवू नये. लहान करताना टाकलेले पिक्सेल मोठा करताना परत येत नाहीत. प्रोग्राम शेजारच्या पिक्सेलवरून अंदाजाने भर घालतो. फोटोशॉपमध्ये फोटो स्मार्ट ऑब्जेक्ट म्हणून आणला, तर मूळ पिक्सेल आत सुरक्षित राहतात आणि हवे तितक्या वेळा आकार बदलता येतो. ही सोय नसेल, तेथे मूळ फाइल पुन्हा आणून नव्याने बसवावी. आणि ती मूळ फाइल वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवून सदैव तिच्या प्रतीवरच काम करावे. हे मी फार उशिरा शिकले. बाबांच्या सात फोटोंवर मी चौरस केलेली आवृत्ती त्याच नावाने सेव्ह केली होती आणि ज्या कागदी फोटोंवरून ते स्कॅन केले होते, ते तोवर हातचे गेले होते.

ते सात फोटो पूर्णपणे वाया गेले नाहीत, हे सांगितले तर अशाच चुकीने हळहळणाऱ्या एखाद्या वाचकाला उपयोग होईल. ताणलेला किंवा दाबलेला फोटो त्याच हिशोबाने उलट फिरवता येतो. घड्याळाची तबकडी समोरून दिसत होती, म्हणून मी फोटो खूप मोठा करून तिची मापे घेतली: रुंदी ८४ पिक्सेल, उंची १२६ पिक्सेल. १२६ ला ८४ ने भागले की दीड येते. फोटो ३:२ चा असून चौरसात दाबला होता, त्यामुळे उत्तर दीडच यायला हवे होते, म्हणजे ताळा जुळला. मग साखळीचे चिन्ह या एकाच वेळी मुद्दाम तोडून मी फक्त रुंदी १५० टक्के केली. तबकडी गोल झाली, आणि तिच्याबरोबर चेहराही ठिकाणावर आला. हरवलेला बारकावा अर्थातच परत मिळाला नाही. शर्टाच्या बारीक रेघा एकमेकींत मिसळलेल्या राहिल्या. पण नव्याने छापलेले पान आत्याने पाहिले, तेव्हा या वेळी तिने चष्मा पुसला नाही.

जाता जाता एक विनंती आपल्या संपादकीय विभागालाही आहे. अनेक वृत्तपत्रांत निधनवार्ता आणि पुण्यस्मरण यांच्या जाहिरातींतील फोटो स्तंभाच्या ठरलेल्या मापात बसवताना दाबले किंवा ताणले गेलेले दिसतात. मजकूर लावणाऱ्याला रात्रीची घाई असते, हे मी समजू शकते; मात्र घरचे लोक तो कागद कापून वर्षानुवर्षे जपून ठेवतात. तेथे फोटो खांद्यापासून कापून घेतला किंवा भोवती पांढरी पट्टी सोडली, तरी चालण्यासारखे आहे. आणि पुरवणीच्या येत्या अंकात त्या लेखातील एका वाक्यापुरती दुरुस्ती छापता आली, तर कड ओढण्याऐवजी कोपरा ओढावा आणि चौकटीबाहेर उरलेला भाग कापावा, इतकेच शब्द त्यासाठी पुरेसे आहेत.

कळावे,

आपली नम्र,
एक वाचक